वाटीभर म्हातारी

"काकू, म्हातारी द्याल का मला? सगळी नको. वाटीभर पुरे."

गॅरेजवाली दारात उभी होती. हातात झाकणाची बरणी, पायात रबरी बूट आणि बुटांना ओला भुसा चिकटलेला. मी तिला पायपुसणं दाखवलं आणि मगच आत घेतलं.

म्हातारी म्हणजे आमचं आंबवण. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. पाव फुगवायला लागतं ते. आमच्या बेकरीत बाजारचं यीस्ट कधी आलंच नाही. सासूबाईंच्या वेळचं हे आंबवण. त्या गेल्यावर ह्यांनी सांभाळलं आणि घरात सगळे त्याला म्हातारीच म्हणायचे. "म्हातारीला जेवायला घातलं का?" "थंडी पडलीय, म्हातारी रुसलीय आज." एकदा विम्याचा एजंट येऊन बसला होता आणि हे आतून ओरडले, "अगं, म्हातारीला उपाशी ठेवलीस की काय? वास यायला लागला की तिला!" बिचारा अर्धा चहा टाकून उठला तो पुन्हा आमच्या जिन्याकडे फिरकला नाही.

हे गेल्यावर बेकरी बंद झाली. खालचा गाळा चष्म्याच्या दुकानाला दिला. भट्टी फोडायला माणसं आली त्या दिवशी मी वर रेडिओ मोठा करून बसले होते. म्हातारी मात्र राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या बरणीत. रोज सकाळी त्यातली अर्धी काढून टाकायची, उरलेलीला मूठभर पीठ घालायचं, पाणी घालायचं. एकट्या बाईला पाव लागून लागून किती लागणार? अर्धी म्हातारी रोज सिंकमध्ये जायची. नळ सोडला की पांढरं पाणी गरगरत खाली जायचं आणि मी खिडकीबाहेर बघायची.

"बिअर करायचीय," गॅरेजवाली म्हणाली. "बाजारचं यीस्ट अजिबात नाही. नुसती तुमची म्हातारी. तुमची बेकरी आणि माझं गॅरेज, दोघांची मिळून. बाटलीवर दोघांची नावं."

"बेकरी कुठे राहिलीय आता?"

"ही काय, बरणीत आहे की."

ही बाई आधी औषधांच्या कंपनीत होती. ती नोकरी सोडून तिने कोपऱ्यावरचं बंद पडलेलं गॅरेज घेतलं, आत स्टीलच्या टाक्या बसवल्या आणि बिअर करायला लागली. पहिले सहा महिने तिच्या बिअरला ऑइलचा वास येतो अशी गल्लीत चेष्टा चालायची. ती हसून म्हणायची, "येतो ना. त्याचे वेगळे पैसे नाही लावत." मला ती आवडायची. मी वाटी घेतली आणि काठोकाठ भरली.

भीती होती ती वन्संची.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. भावापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. दोन बसथांबे पलीकडे एका खोलीत राहतात. आयुष्यभर इस्पितळाच्या लाँड्रीत होत्या. चादरी, गाऊन, डॉक्टरांचे कोट. त्यांच्या इस्त्रीची घडी अशी की कागद कापावा. आमच्या बेकरीचे पांढरे एप्रनसुद्धा दर आठवड्याला त्याच घेऊन जात आणि कडक करून आणत. हे कुरकुरायचे, "ताई, अगं हे घातलं की मला वाकता येत नाही." त्यावर वन्सं म्हणायच्या, "मग वाकू नकोस." हे गेल्यानंतरच्या आठवड्यातही त्या आल्या, खुंटीवरचे एप्रन काढून घेऊन गेल्या, इस्त्री करून आणले आणि कपाटात ठेवून दिले.

त्यांनी लग्न केलं नाही. आई आजारी, भाऊ लहान, असं म्हणता म्हणता राहून गेलं. आणि दारूच्या थेंबाला कधी शिवल्या नाहीत. खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून परत करायच्या. कुणाच्या लग्नात केक कापला तर त्यात रम नाही ना, म्हणून आधी मला खायला लावायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. कारण होतं त्याला. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले होते. घरात त्यांचा फोटो नव्हता आणि बोलण्यात नाव नव्हतं. ते कुठल्याशा कारखान्यात धुण्यापुसण्याच्या कामाला होते, प्यायचे आणि पगाराच्या दिवशी त्यांना शोधायला सासूबाई फ्रॉकातल्या वन्संना पाठवत, एवढंच मला ठाऊक. गुत्त्याच्या दारात पोर उभी राहायची आणि आतली माणसं हसायची. हे ह्यांनी मला सांगितलं होतं. वन्सं स्वतः कधी बोलल्या नाहीत.

सासूबाईंनी घर चालवलं ते पावावर. आंबवण त्यांनी माहेराहून आणलं होतं, एका पेल्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. ही गोष्ट हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. दरवेळी त्या पेल्याला नवीन काहीतरी चिकटायचं. कधी तो आगगाडीत सांडता सांडता वाचला, कधी नावेत. मी म्हणायची, "अहो, पुढच्या खेपेला विमानात बसवा त्याला." वन्सं समोर असल्या तर गोष्ट ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "पीठ कधी येणारे?"

तर मी वाटीभर म्हातारी दिली आणि मूग गिळून बसले. पण गल्लीत काही लपतं का?

एका रविवारी वन्सं आल्या त्या बसल्याच नाहीत. पर्स तशीच हातात.

"गॅरेजच्या शटरवर पाटी लागलीय," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"कसली म्हणून मलाच विचारतेस? 'म्हातारी' लिहिलंय मोठ्या अक्षरात. खाली आपल्या बेकरीचं नाव. आणि त्याच्या खाली बिअर." शेवटचा शब्द त्यांनी जिभेवरून ढकलल्यासारखा बाहेर काढला. "आईचं आंबवण तू दारूत घातलंस?"

"वाटीभर दिलं हो वन्सं."

"वाटीभर काय आणि घागरभर काय!"

माझाही तोल गेला. "रोज सिंकमध्ये ओतते ते चालतं तुम्हाला. कुणाच्या तरी कामी आलं तर चालत नाही."

"सिंकमध्ये गेलेलं कुणाचं घर नाही बुडवत."

दर रविवारसारखा त्यांच्यासाठी फडक्यात बांधून ठेवलेला पाव टेबलावरच राहिला. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, एकेक पायरी सावकाश, आणि मला वाटलं की खाली जाऊन हात धरावा. पण मी उठले नाही. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की म्हणायच्या, "कामात आहे." एकटा जीव, एक खोली, कसलं काम! त्यांच्या खोलीतल्या पडद्यांनासुद्धा इस्त्री असते हे मला माहीत होतं, तेव्हा तेच असेल.

एव्हाना गॅरेजमध्ये म्हातारीने आपले रंग दाखवायला सुरुवात केली होती. गॅरेजवाली येऊन बातम्या द्यायची. "काकू, काल रात्रभर नुसती बसून होती, मला वाटलं गेली." दोन दिवसांनी, "काकू, उठली! टाकीचं झाकण उचललं तिने. सगळी फरशी फेसाने भरली." मी म्हटलं, "तिला उन्हात ठेवलेलं आवडत नाही, आणि कुणी घाई केलेली तर मुळीच नाही." मग महिन्यावर महिना गेला. गॅरेजवालीने चव घेतली, तोंड वाकडं केलं, पुन्हा ठेवून दिली. शेवटी एकदाची बिअर तयार झाली. चव घ्यायला म्हणून तिने ओळखीपाळखीच्या माणसांना रविवारी दुपारी बोलावलं.

मी जरा बऱ्यापैकी कपडे करून गेले. गॅरेजचं शटर पूर्ण वर होतं. लांब फळीवर छोटे ग्लास मांडलेले, ऊन थेट टाक्यांपर्यंत आलेलं. माणसं ग्लास उजेडात धरत होती, हलवत होती, नाक आत घालत होती. एक दाढीवाला डोळे मिटून म्हणाला, "आधी सफरचंद... आणि मागून ओल्या गवताची एक झुळूक." त्याच्या बायकोने ग्लासात बघितलं, जणू झुळूक तिथे दिसणार होती.

गॅरेजवालीने मला पहिला ग्लास दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी घोट घेतला. मला सफरचंद लागलं नाही, गवतही नाही. हे पहिल्या खेपेचा पाव काढायचे, बोटं भाजत कड मोडायचे, अर्धी माझ्या तोंडात द्यायचे आणि विचारायचे, "आंबट कमी पडलं का गं?" रोज. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाही. मी कधी हो म्हणायची, कधी नाही, कधी नुसतंच "तुम्हाला काय करायचंय, खपतोय ना" म्हणून झिडकारायची. तीच चव होती ती. थंडगार आणि फेसाळ, पण तीच. मी पटकन म्हणाले, "बरोबर आहे आंबट." गॅरेजवालीला वाटलं की तिला सांगितलं. तिने मला मिठी मारली.

तेवढ्यात शटरखाली वन्सं दिसल्या.

कडक कपडे, पर्स पोटाशी धरलेली. आत येऊ की नको असं नव्हतं. त्या आत येणार होत्या, फक्त कुणाला तरी ठणकावल्याशिवाय नाही. मी पुढे झाले.

"मी प्यायला नाही आले," त्या म्हणाल्या. "काय करून ठेवलंय ते बघायला आले."

"बघा ना, बघा," गॅरेजवाली म्हणाली. तिला आमच्या भांडणाचं ठाऊक होतं, तरी तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "या मावशी, टाकीच दाखवते. पुढची खेप लावलीय, आज वर आलीय अगदी."

तिने मागच्या टाकीचं झाकण उघडलं. आत घट्ट, पिवळट फेस चढला होता, दुधावर साय चढते तसा, पण श्वास घेत असलेला. वन्सं वाकल्या. त्यांचं नाक तेवढं पुढे झालं, औषधाच्या बाटलीपाशी व्हायचं तसं. आणि त्या तशाच राहिल्या.

मला वाटलं चक्कर आली. मी दंड धरला. त्यांनी माझा हात झटकला नाही.

"बाबांचा डबा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बाबांच्या डब्याचा वास आहे हा."

गॅरेजवालीने झाकण लावलं, बार्लीच्या पोत्यांपाशी एक बाक होतं तिथे आम्हाला बसवलं आणि समजूतदारपणे पुढच्या माणसांत निघून गेली.

वन्सं बराच वेळ पर्सच्या खटक्याची उघडझाप करत होत्या.

"तुला पेल्याची गोष्ट सांगायचा ना तो?" त्या म्हणाल्या. "आईने माहेराहून आणलेला पेला."

"हो. आगगाडीतला."

"पेलाबिला काही नव्हता. तो तान्हा होता, त्याला काय माहिती? आईने सांगितलं ते त्याने धरलं." त्यांनी टाकीकडे मान केली. "बाबा अशाच ठिकाणी कामाला होते. बिअरच्या कारखान्यात. टाक्या धुवायला. एकदा पगार झाला आणि ते घरी आले तर हातात काही नाही. सगळा उडवलेला. नुसता जेवणाचा डबा. आईने विचारलं, काय आणलंत? तर म्हणाले, हे आणलंय. आणि डबा उघडला. आत फेस. टाकीवरचा. फेकून द्यायचे तो तिथे."

"फेस?"

"पोरांना दाखवायला आणला, म्हणाले. गंमत म्हणून." वन्सं किंचित हसल्या. मी त्यांना मामंजींबद्दल हसताना पहिल्यांदाच बघत होते. "आई अशी चिडली! घरात मूठ-दोन मुठी पीठ होतं फक्त. तिने तो डबा पिठात उपडा केला. म्हणाली, हेच खा आता सगळे. आणि परात तिथेच टाकून जाऊन झोपली. सकाळी बघतो तर परातीच्या बाहेर आलेलं. आई बघतच राहिली. मग मुकाट्याने भाजलं. असा पाव झाला म्हणून सांगू!"

पुढे कुणीतरी मोठ्याने हसलं. वन्सं ते संपेपर्यंत थांबल्या.

"त्यानंतर ते दर आठवड्याला डबा आणायचे. पगार आणायला चुकले, शुद्धीत यायला चुकले, पण डबा कधी चुकला नाही बघ. कितीही प्यायलेले असले तरी डबा सरळ धरलेला. थेंब सांडायचे नाहीत. आई पाव विकायला लागली. मग तिला जमलं की थोडं आंबलेलं पीठ मागे ठेवलं तर तेच चालतं, दर वेळी नवा फेस नको. आणि एका संध्याकाळी ती त्यांना दारातच म्हणाली, आता नका आणू. आमचं आम्ही वाढवतो."

"मग?"

"मग काय. उभे राहिले दारात. हातात डबा. मी परातीपाशी बसलेली. माझ्याकडे बघितलं त्यांनी, मी काही म्हणेन असं वाटलं असेल. मी खाली बघितलं. गटारात ओतून आले तो फेस आणि डबा धुऊन पालथा घातला." त्यांचा आवाज सपाट होता. "त्यानंतर घरी यायचे ते आले काय नि न आले काय. दोन-तीन वर्षांत गेलेच. आईने पेल्याची गोष्ट काढली ती तेव्हा. मी मोठी झाल्यावर विचारलं तिला, खोटं कशाला सांगतेस? तर म्हणाली, पोराला बापाची लाज वाटते ती वाटू दे, पण पावाची वाटायला नको."

इतकी वर्षं आम्ही जिला म्हातारी म्हणत होतो, त्या बरणीकडे मी आता कसं बघणार होते? मी म्हटलं, "म्हणजे वन्सं, आमची म्हातारी..."

"कसली म्हातारी! म्हातारा आहे तो," वन्सं म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बाहीने नीट पुसला, दोन्ही काचा.

मग म्हणाल्या, "दे इकडे."

"काय?"

"ग्लास दे तुझा. का सगळा पिऊन बसलीस?"

मी दिला. त्यांनी दोन्ही हातांत धरला. घोट घेतला, गालात फिरवला, गिळला. तोंड आक्रसलं.

"आंबट आहे."

"हो."

"बरी आहे पण." आणखी एक घोट. "काही वाईट नाही."

माझा अर्धा राहिलेला ग्लास त्यांनी संपवला. गॅरेजवालीने दुसरा आणून दिला तोही संपवला. घाई नाही, लाज नाही, कुणी बघतंय का याची फिकीर नाही. दाढीवाला जवळ आला आणि विचारू लागला, "आजी, तुम्हाला कसली चव जाणवली?" वन्संनी विचार केला. "डब्याची," त्या म्हणाल्या. तो मान हलवत गेला आणि बायकोला सांगू लागला, "धातूची छटा आहे म्हणतात, खरंच आहे."

निघताना त्यांनी आपला ग्लास सिंकमध्ये स्वतः विसळला. गॅरेजवाली नको नको म्हणत होती. त्याच्या पुढची खेप कधी, असंही विचारलं. "करायची असेल तर वाटी माझ्यासमोर भरायची," म्हणाल्या.

मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. ऊन उतरतीला लागलं होतं. दुकानं बंद, रस्ता रिकामा. फुटपाथची पायरी आली तशा त्या थांबल्या आणि हात पुढे केला. मी धरला.

"डोकं हलकं झालंय गं माझं," त्या म्हणाल्या. "पाय पण. असं होतं होय?"

"होतं असं. बसा जरा."

आम्ही थांब्याच्या बाकावर बसलो. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. बघता बघता त्यांनी बूट काढले आणि पाय जमिनीवर मोकळे सोडले. असं रस्त्यावर बसून बूट काढलेल्या वन्सं मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"बाबांना असं वाटत असेल," त्या म्हणाल्या. मला विचारत नव्हत्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "घरी जाईपर्यंत तरी."

त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आधी टेकलं, मग जड झालं. त्यांना झोप लागली. केसांना साबणाचा वास होता. मी खांदा हलू दिला नाही.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि आमच्याकडे बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं. त्याने एकवार वन्संच्या पायांकडे पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं.